टेकडीवरच्या वाटेला वाली द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस सुरू झाला, तेव्हा मी सायकल घरी ठेवून पायीच टेकडीवर गेलो. वाटांवरून पाणी कसे वाहते ते डोळ्यांनी बघायचे होते. माथ्यावरून सरळ खाली उतरणाऱ्या जुन्या पायवाटेचा नाला झाला होता. गढूळ पाणी मुरूम ओढून नेत होते आणि कडेच्या गिरिपुष्पाच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या. तिथून पन्नास पावलांवर, उताराला आडवी जाणारी दुसरी एक वाट आहे. तिच्यावर मात्र पाणी साचत नव्हते की धावत नव्हते. पातळ पसरून ते खालच्या कडेने गवतात उतरत होते. ही दुसरी वाट आम्ही सायकलवाल्यांनी दोन उन्हाळे खपून दुरुस्त केली आहे. आणि त्याबद्दल, पुन्हा फावडे घेऊन दिसलात तर गुन्हा दाखल होईल, अशी ताकीद आम्हाला मिळाली आहे.

ताकीद देणाऱ्या वनरक्षकावर माझा राग नाही. आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता आणि त्याच्याकडे आम्हाला परवानगी देण्याचा अधिकार नव्हता. टेकडीचे नावही मी मुद्दाम लिहीत नाही, त्याला उगाच जाब द्यावा लागू नये म्हणून. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण, पुण्यात कुठेही गेलात तरी परिस्थिती फार वेगळी नाही.

आम्ही कोण, ते आधी सांगतो. २०११ साली आम्ही चौघे होतो. जाड दातेरी टायर आणि पुढे शॉकअप असलेली एमटीबी सायकल तेव्हा टेकडीवर क्वचित दिसे. रविवारी पहाटे भेटायचे, कोणाची चेन तुटली तर सगळ्यांनी थांबायचे, एवढाच नियम होता. आज रविवारी तीस-चाळीस जण जमतात. बँकेतले आहेत, आयटीतले आहेत, एक शाळेतले शिक्षक आहेत, एक भाजीचा गाळा लावून नऊच्या आत परत जाणारे आहेत. शनिवारची बायकांची तुकडी दोघी मैत्रिणींनी सुरू केली. तिच्यात शाळा सुटल्यावर सायकलला हात न लावलेल्या बावन्न वर्षांच्या एक काकू आल्या. पहिले तीन शनिवार त्या पायथ्याच्या सपाट मैदानातच फिरल्या. चौथ्या शनिवारी माथ्यावर पोहोचून त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा स्वतःकडे न धरता खालच्या शहरावर धरला.

पायथ्याच्या वस्तीतली पोरे आमच्या मागे मागे साध्या, बिनगिअरच्या सायकली घेऊन चढायची. ब्रेक निम्मेच लागायचे. आम्हाला त्यांची भीती वाटू लागली, म्हणून जुने ब्रेक शू, केबल आणि हेल्मेट गोळा केले आणि महिन्यातून एकदा वडाच्या पारावर दुरुस्ती सुरू केली. त्यातला एक मुलगा चौदाव्या वर्षी आमच्या कोणाहीपेक्षा सफाईने चाकाचा आऊट काढायला, म्हणजे वाकडे फिरणारे चाक सरळ करायला शिकला. आज तो सायकलच्या दुकानात कामाला आहे, आणि अवघड उतारावर नव्या माणसाला पुढे घालून स्वतः मागे थांबतो. मला या सगळ्या उद्योगातले सर्वांत मोठे काम हेच वाटते. अंगावर टी-शर्ट सारखे असले म्हणून गट होत नाही. मागच्यासाठी कोण थांबते, त्यावरून तो ओळखावा.

आमच्या हातून चुकाही झाल्या. एकदा आमच्यातला एक जण वळणावर वेगात आला आणि पुढे चालणाऱ्या एक आजी दचकून खाली बसल्या. त्यांना लागले नाही, पण हात थरथरत होते. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. "आवाज तरी द्या रे, मला मागे डोळे आहेत का?" एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक सायकलला घंटी आहे, चालणारा दिसला की पाय टेकायचा, आणि सकाळी सहा ते आठ मुख्य वाटेने खाली उतरायचे नाही. पक्षी बघणाऱ्या मंडळींनी एका उन्हाळ्यात आम्हाला टिटवीची अंडी दाखवली. उघड्या माळावर, खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची चार अंडी. त्यांच्यापासून हातभर अंतरावर आमच्या टायरचा वण होता. पठाराचा तो तुकडा आम्ही उन्हाळ्यात पूर्ण सोडून दिला. पावसात माती ओली असेपर्यंत टेकडीवर सायकल नेत नाही. हे कोणी लादलेले नाही, आणि म्हणूनच नवा माणूस आला की त्याला हे सांगणारे कोणीतरी तिथे असावे लागते.

आता वाटेविषयी, कारण या पत्राचे खरे कारण ती आहे. आपला विभाग डोंगरउतारावर सलग समतल चर खणतो. पाणी अडावे, थांबावे, मुरावे, यासाठी. सरळ खाली उतरणारी पायवाट हे चर तोडत जाते आणि अडवलेल्या पाण्याला पळायला रस्ता देते. डोंगरात सायकलची वाट बांधायचे जे शास्त्र जगभर पाळले जाते, त्याचे गणित आपल्या चरांशी जुळणारे आहे. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको आणि सरासरी शंभरात दहाच्या आसपास हवा. वाटेची बाहेरची कड किंचित खाली हवी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवे निघून जाईल. आणि काही अंतरावर उताराची वाट थोडी वर चढवायची, म्हणजे पाण्याला वेग धरता येत नाही. यासाठी सिमेंट लागत नाही, फरशी लागत नाही. टिकाव, फावडे, घमेले आणि तिथलेच दगड पुरतात. माथ्यापर्यंत काँक्रीटच्या पायऱ्या चढवण्यापेक्षा हे टेकडीला कितीतरी मानवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायकलीने जमीन उखडते, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत मोंटानाच्या डोंगरी वाटांवर विल्सन आणि सेनी यांनी केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. ओल्या वाटांवर चाकांपेक्षा घोड्याच्या टापांनी आणि माणसाच्या पावलांनी जास्त माती मोकळी झाल्याचे त्यात दिसले. पण मोंटानाची माती आपली नव्हे, आणि वाट चुकीच्या जागी असेल तर पाऊल काय नि चाक काय, दोन्हींनी ओघळ पडणारच. म्हणून आमचा आग्रह सायकलीपेक्षा वाटेच्या जागेसाठी आहे.

हा वाद नवाही नाही. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमल्पाईस डोंगरावर सत्तरच्या दशकात काही तरुण जुन्या जड सायकली घेऊन उतरू लागले, आणि पुढे तिथल्या वाटा सायकलींना बंद होऊ लागल्या. त्यावर १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना उभी केली. तिने वाटेवर वागण्याचे नियम घालून दिले आणि सायकलस्वारांच्या हाती फावडी दिली. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला.

आपल्या राज्यात तर लोकांच्या हाती जंगल देण्याची परंपरा जुनी आहे. केंद्राच्या १९९० च्या परिपत्रकानंतर १९९२ पासून महाराष्ट्रात संयुक्त वन व्यवस्थापन आले आणि गावोगावी समित्या झाल्या. शहरातल्या टेकडीवर रोज हजारो पावले पडतात, पण त्या पावलांना आपल्याशी बांधणारी अशी समिती आमच्या टेकडीवर नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमानुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. कायदा असावा, कडकही असावा. टेकडीवर मोटारसायकली चढवणाऱ्यांवर आणि राडारोडा टाकणाऱ्यांवर तो जरूर चालवा. पण दगड रचून ओघळ बुजवणाऱ्यासाठी त्याच कायद्याच्या चौकटीत परवानगीचे एक दार असायला हवे. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. ते व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. आम्ही काही विकत नाही, त्यामुळे तिथेही आमची नोंद कोणत्या रकान्यात करायची हे कोणाला सांगता येत नाही.

फेब्रुवारी ते मे या दिवसांत गवत वाळते आणि वणवे लागतात. धूर दिसला की आमच्यातले जे जवळ असतील ते सायकलवर पोहोचतात, हिरव्या फांद्यांनी कड झोडपतात आणि विभागाची माणसे येईपर्यंत आग पुढे सरकू देत नाहीत. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढायलाही आम्ही येऊ. त्या वेळी आम्हाला कोणी परवानगीचा कागद विचारत नाही.

आम्हाला निधी नको, नवी जमीन नको, झाड तोडायचे नाही, फलकावर नाव नको. आहे त्या वाटांपैकी कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या बुजवून गवताला परत द्यायच्या, हे आपल्या अधिकाऱ्यांनी, पक्षी आणि वनस्पती जाणणाऱ्यांनी, रोज चालणाऱ्या ज्येष्ठांनी आणि आम्ही एकत्र फिरून ठरवावे. सायकलला बंद वाटा कोणत्या, तेही त्यातच ठरू द्या, आम्ही ते पाळू. ठरलेल्या वाटांची देखभाल वर्षभराच्या लेखी कराराने आमच्याकडे द्या. काम वनरक्षकाच्या देखरेखीखाली होईल. वर्षाने पावसाळ्यात येऊन बघा, ओघळ वाढला असेल तर करार रद्द करा.

हे मागणे घेऊन मी तीन वर्षांत पाच अर्ज केले. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. पाचही पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर एकाही अर्जाला नाही.

मेअखेरीपर्यंत जमीन कोरडी आहे. सरळ उतरणाऱ्या त्या वाटेवर अकरा ठिकाणी आडवे दगड लावावे लागतील, जागा मी खुणा न करता मोजून ठेवल्या आहेत. तीस माणसांचे ते दोन रविवारांचे काम आहे. लगेच होकार देणे शक्य नसेल, तर सहावा अर्ज कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे करायचा, तेवढे कृपया कळवावे.

आपला नम्र,
टेकडीवरचा एक सायकलस्वार, पुणे