बाबांची गोळी

प्रिय विन्या,

गणपतीनंतर लिहितो म्हणालो होतो. कुठले गणपती, ते विचारू नकोस. तब्येत बरी, साखर आटोक्यात.

विषय बाबांचा. म्हणजे आपण दोघांनी सातवीत रचले त्या बाबांचा! १५ ऑगस्ट १९५५, गोवामुक्तीचा सत्याग्रह, पत्रादेवीची हद्द, पोर्तुगीजांचा गोळीबार आणि खांद्याला चाटून गेलेली गोळी. (गोळी तुझी. मी लाठीवर भागवत होतो. बाईंनी विचारल्यावर खाली मान घालून बसलास तेही विसरलेलो नाही.) आता आमची नात ईरा तेच वक्तृत्व स्पर्धेत सांगणार आहे, 'माझे पणजोबा' म्हणून. तिच्या आईला मीच कधीतरी ऐकवलं होतं.

त्यात परवा इस्तवान साबोचा 'अपा' (म्हणजे बाप) हा हंगेरियन सिनेमा पाहिला, १९६६ चा. बुडापेस्टचा टाको. डॉक्टर बाप युद्ध संपता संपता गेला, आठवतो जेमतेम, म्हणून पोरगा त्याला क्रांतिवीर करून टाकतो. हसून हसून ठसका लागला, थापा थेट आपल्याच! पुढे मोठा टाको एका सिनेमात एक्स्ट्रा म्हणून जातो. आधी पिवळा तारा लावून ज्यूंच्या रांगेत पुलावरून चालतो, मग दिग्दर्शक त्याला बाहेर ओढून दंडावर फॅसिस्टांची पट्टी चढवतो. आता तू पहारेकरी! तिथे माझं हसू थांबलं. त्याची मैत्रीण अन्नी ज्यू, तिचे वडील छळछावणीत मेलेले, आणि ती ते वर्षानुवर्षं लपवत आलेली. शेवटी टाको बापाच्या ओळखीच्यांकडे चौकशी करत फिरतो, तर बाप निघतो साधा, भला डॉक्टर.

आमचे साधे, भले जकात नाक्यावर पावत्या फाडत होते. त्याची मला लाज नाही रे. पण ही सावंतवाडी आहे. पत्रादेवी इथून कितीशी लांब? त्या दिवशी खरोखर तिथे गेलेल्या एखाद्याचा पणतू समोरच्या बाकावर बसलेला असला तर? ईराला सांगावं, तर ती आईला विचारणार, आई मला. न सांगावं, तर बक्षीस घेऊन येईल, आणि ते भिंतीवर लागेल. बायको म्हणते, पोरीला बोलू द्या, कोण तपासतंय. ती तुझ्याच पक्षातली, पहिल्यापासून.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पोराचं पुण्याचं जमलं का? कळव.

स्पर्धा शनिवारी आहे. शुक्रवारी रात्रीपर्यंत फोन कर आणि मत दे. गोळी तुझी होती, तेव्हा निम्मी जबाबदारी तुझी. शुभ्याला यातलं काही बोलू नकोस, तो नाक्यापर्यंत पोचवेल.

तुझा,
बाळ्या