मंजूर म्हणजे नक्की काय मंजूर?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे तुमच्याच पेपरची चार कात्रणं आहेत, चारही एकाच पुलाची आणि चारही हेडलाइनमध्ये शब्द एकच, 'मंजूर'. पहिलं कात्रण पिवळं पडलंय, शेवटचं ताजं आहे आणि पूल अजून झालेला नाही. आता कुणालाही वाटेल की एकतर सरकार थापा मारतंय नाहीतर पेपर, पण गंमत अशी की चारही बातम्या आपापल्या जागी खऱ्या होत्या. पहिल्या वेळी तत्त्वतः मान्यता मिळाली होती, दुसऱ्या वेळी बजेटमध्ये टोकन म्हणजे नावापुरती तरतूद झाली होती, तिसऱ्या वेळी प्रशासकीय मान्यता आली, म्हणजे खात्याने काम आणि त्याचा अंदाजे खर्च मान्य केला, आणि चौथ्या वेळी तांत्रिक मान्यता, म्हणजे इंजिनिअरांची आराखडा-अंदाजपत्रकाला मंजुरी, होऊन टेंडर निघालं. कार्यारंभ आदेश, ज्याला ऑफिसात सगळे वर्क ऑर्डर म्हणतात, तो कुठल्याच बातमीत नाही, कारण तो निघालेलाच नाही. रिपोर्टरने खोटं काही लिहिलं नाही, फक्त काम कुठल्या पायरीवर आहे ते लिहायचं राहिलं, आणि ते राहिलं कारण या पायऱ्या त्याला कुणी शिकवलेल्याच नाहीत.

मी एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेत ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे सकाळी पेपर वाचताना पेन्सिल हातात असते आणि घरचे वैतागतात. पत्रकारांना सरकारी धोरणं समजावीत म्हणून वर्कशॉप होतात, त्याचे ग्रुप फोटो छापून येतात, उद्घाटनाला कुणीतरी मोठा माणूस, दुपारी 'लोकशाहीचा चौथा स्तंभ' यावर भाषण आणि संध्याकाळी सर्टिफिकेट. माझं म्हणणं एवढंच आहे की भाषणं पुरे करा, रिपोर्टरला कागद वाचायला शिकवा, आणि नुसत्या रिपोर्टरला नाही तर डेस्कवाल्यांनाही, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या कापणाऱ्या आणि हेडलाइन देणाऱ्या उपसंपादकांनाही.

जीआरचंच बघा. महाराष्ट्रात शासन निर्णय वेबसाइटवर टाकले जातात, माहितीच्या अधिकारात अर्ज करायची पण गरज नाही, फुकट डाउनलोड होतात. रिपोर्टर काय करतो, प्रस्तावना वाचतो, कारण तिथे शेतकरी, महिला, युवक असं सगळं छान छान लिहिलेलं असतं आणि तेच थोडं फिरवून बातमी होते. आमच्या ऑफिसात एक जुने हेडक्लार्क होते, ते नवीन पोरांना सांगायचे, जीआर खालून वर वाचायचा. खाली काय असतं? खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या कुठल्या खात्यातून, भागवायचा ते असतं, आणि वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक असतो. पैसे लागणाऱ्या योजनेत या दोन ओळी नसतील तर तिथेच थांबायचं आणि विचारायचं, साहेब पैसे कुठून? लेखाशीर्ष जुनंच असेल तर दुसरा प्रश्न, म्हणजे आधीच्या कुठल्या कामाचे पैसे इकडे वळवले का? मग वर जायचं, 'वाचा' म्हणून जी यादी असते ती बघायची, तिथे आधीचे सगळे जीआर नंबर-तारखेसकट दिलेले असतात. त्यातला सगळ्यात जुना काढून वाचला की बऱ्याचदा कळतं की ही 'नवी' योजना नवी नाहीच, नाव बदललंय नाहीतर मुदतवाढ दिलीय. ही ट्रिक शिकवायला अर्धा तास लागतो, त्याला मोठा हॉल नको आणि पाहुणा पण नको.

बजेटच्या दिवशी तर माझी पेन्सिल झिजते. 'अमुक खात्यासाठी विक्रमी तरतूद', दरवर्षी विक्रमी. अहो, किमती आणि पगार दरवर्षी वाढतात, मग आकडा पण वाढणारच, त्यात विक्रम कसला, महागाई वजा करून सांगा, नाहीतर एकूण बजेटमधला त्या खात्याचा वाटा तरी सांगा. आणि बजेटच्या पुस्तकात एकाच कामापुढे तीन तऱ्हेचे आकडे असतात, पुढच्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. पेपरात फक्त पहिला येतो. तिसरा बघितला तर कळेल की तेव्हा जी घोषणा तुम्ही पहिल्या पानावर घेतली होती तिच्यातले निम्मे पैसेसुद्धा खर्च झाले की नाही. तरतूद म्हणजे खर्च नाही, ती फक्त खर्च करायची परवानगी आहे. पैसे बीम्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या निधी वाटायच्या ऑनलाइन सिस्टिमवर, वितरित व्हायला लागतात, मग खाली पोचायला लागतात, आणि पुष्कळदा ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतात जेव्हा खर्च करायला वेळच नसतो, मग एकतर कसेतरी उडवले जातात नाहीतर समर्पित होतात. 'समर्पित' हा शब्द ऐकून एका तरुण रिपोर्टरला वाटलं की कुणाच्या तरी स्मृतीला अर्पण केले! मी हसलो नाही हो, मलाही पहिल्या वर्षी माहीत नव्हतं की त्याचा अर्थ न वापरलेला निधी परत करणे.

पुरवणी मागण्यांचं, म्हणजे बजेटनंतर वर्षाच्या मधेच सरकार जे जादा पैसे मागतं त्याचं, पण तेच. मोठा आकडा हेडलाइनमध्ये, 'इतक्या हजार कोटींच्या मागण्या', पण त्यात काही रक्कम नुसती हिशेबाची इकडून तिकडे केलेली असते, तिजोरीवर खरा पडणारा निव्वळ भार वेगळा असतो.

कायद्यांच्या बाबतीत पायऱ्यांचा घोळ अजून मोठा आहे. लेबर कोड, म्हणजे कामगारांचे जुने कायदे एकत्र करून केलेल्या चार नव्या संहिता, आठवतात का? वेतनाची संहिता २०१९ ला आणि बाकीच्या तीन २०२० ला संसदेत पास झाल्या. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्राबरोबर राज्यांनाही नियम करायचे होते. पण २०२१ मध्ये बातम्या आल्या की १ एप्रिलपासून हातात येणारा पगार कमी होणार, २०२२ मध्ये परत १ जुलैपासून, मधेच चार दिवसांचा आठवडा, आणि लोक ऑफिसात एकमेकांना विचारत बसले की सुट्टी शुक्रवारची का सोमवारची. प्रत्यक्ष या संहिता लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधल्या काळात रिपोर्टरने एकच प्रश्न विचारायला हवा होता, लागू करायची अधिसूचना राजपत्रात आली का? नाही आली ना, मग बातमी तशी लिहा.

हे फक्त मराठी पेपरांचं दुखणं आहे असं नाही बरं का. बीबीसीने टॅक्स, सरकारी खर्च आणि कर्ज या विषयांवरचं स्वतःचंच काम तपासायला पत्रकार मायकल ब्लास्टलँड आणि अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिलनॉट या दोघांना बसवलं, त्यांचा रिपोर्ट जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आला. ठरवून केलेला राजकीय पक्षपात असा काही त्यांना दिसला नाही, पण बऱ्याच पत्रकारांना अर्थशास्त्रातल्या साध्या गोष्टी कळत नाहीत किंवा त्यावर लिहायचा कॉन्फिडन्स नाही असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. काहींनी तर सरकारी कर्ज म्हणजे वाईटच असं मनात धरून ठेवलेलं. बीबीसीने हा रिपोर्ट दाबून न ठेवता छापला याचं मला जास्त कौतुक वाटलं. आपल्याकडे एखाद्या पेपरने स्वतःच्या वर्षभराच्या बजेट बातम्या बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतल्या तर पहिला वर्गणीदार मी, म्हणजे आहेच म्हणा.

आता डेस्क. 'महागाईचा दर घटला' असं रिपोर्टरने बरोबर लिहून पाठवलं आणि डेस्कवर जागेसाठी 'महागाई घटली' झालं, दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक. दर घटला म्हणजे वस्तू महागच होतायत, फक्त जरा सावकाश. वाचणारा बाजारात जातो, काहीच स्वस्त दिसत नाही, आणि तो म्हणतो पेपरवाले सरकारचे झाले. विश्वास असाच जातो, मोठ्या घोटाळ्याने नाही तर एका शब्दाच्या जागेसाठी. म्हणून ट्रेनिंगला उपसंपादक आधी बसवा.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या रिपोर्टचं तर काय बोलावं, तो बऱ्याचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवला जातो, त्यामुळे चर्चा होत नाही, रिपोर्टरला संध्याकाळपर्यंत कॉपी द्यायची असते, मग शेकडो पानांतून जो सगळ्यात मोठा आकडा सापडेल तो उचलला जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा विषय. अहो, रिपोर्ट शिळा होत नाही, पुढचे दोन महिने दर आठवड्याला एक प्रकरण घेऊन त्या गावात जाऊन बघा की जो दवाखाना कागदावर आहे तो जागेवर आहे का. धोरणाची खरी बातमी मंत्रालयात सुरू होते पण तिथे संपत नाही.

एक कडू गोष्ट पण लिहितो, छापा नका छापू. तालुक्याचा वार्ताहर ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची जाहिरात गोळा करतो, त्याच पुढाऱ्याच्या फंडातल्या रस्त्याची बातमी त्यानेच करायची, आणि मानधन विचाराल तर मलाच लाज वाटेल. त्याला जीआर खालून वाचायला शिकवलं तरी तो प्रश्न विचारणार कुणाला? ट्रेनिंगच्या आधी त्याच्या हातातलं जाहिरातीचं पुस्तक काढून घ्या. हे तुमच्या मालकांना आवडणार नाही याची कल्पना आहे. शिवाय दिवसाला पाच बातम्या मागायच्या आणि वर म्हणायचं अभ्यास करून लिही, हे पण जमणार नाही, निदान एका माणसाला एक खातं वर्षभर द्या, सहा महिन्यांनी क्राइमला पाठवू नका.

माझ्यासारखे लेखा, बांधकाम, महसूल, शिक्षण खात्यातून रिटायर झालेले बरेच लोक घरी बसलेत, मोबाइलवर गुड मॉर्निंग पाठवतात, त्यांना बोलवा. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक जीआर, एक बजेटचं पान, समोर पाच-सहा तरुण पोरंपोरी, बस. मी पैसे घेणार नाही, सर्टिफिकेट देणार नाही आणि फोटो पण नको. पहिल्या दिवशी पुलाची ती चार कात्रणं घेऊन येतो, त्यावरूनच सुरुवात करू.

आपला नम्र,
एक जुना वाचक (निवृत्त, लेखा शाखा)