कानातल्या आवाजावर नुसती पदार्थांची यादी नको

माननीय संपादक,

कानात सतत किर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येणाऱ्यांसाठी ‘हे खा, आवाज जाईल’ अशा याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि काही वेळा आरोग्य पुरवण्यांतही दिसतात. हा आवाज घालवणारा एकही पदार्थ आजवर सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दिलेल्या सूचनांत जिंको या झाडाच्या पानांचा अर्क, झोपेसाठी घेतले जाणारे मेलाटोनिन, झिंक यांची या त्रासासाठी शिफारस करू नये, असेच म्हटले आहे. रक्ततपासणीत बी-१२ किंवा लोह कमी निघाले, तर ते जरूर भरून काढावे. आहाराचा खरा उपयोग झोपेसाठी आहे आणि झोप पुरी झाली की हाच आवाज पुष्कळ सुसह्य होतो.

साडेनऊला ठाणे स्टेशनवर उतरायचे, दहाला जेवायचे आणि अकराला आडवे व्हायचे, हा इथल्या अनेकांचा क्रम. भरल्या पोटी आडवे झाले की जळजळीने जाग येते आणि शांत घरात आधी कानातला आवाजच ऐकू येतो. सातच्या सुमारास ऑफिसमध्येच पोळी-भाजी उरकावी, घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी किंवा ताकभात पुरे. चहा-कॉफी दुपारी चारपर्यंतच. कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचा निम्मा अंमल अकरालाही असतो. चहा सोडून आवाज थांबतो असे नाही; फायदा होतो तो झोपेला. दिवसाला पाच-सहा कप घेणाऱ्यांनी एकदम बंद करू नये, डोके दुखून झोप आणखी बिघडते. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करावा. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

जायफळाबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. दुधात चिमूटभर चालते. पण त्याचा अंमल काही तासांनी चढतो. ‘काहीच झाले नाही’ म्हणून चमचा-दोन चमचे घेतले, तर धडधड, उलट्या, भ्रम होऊ शकतो. लसणाचे कोमट तेल कानात घालणेही असेच. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जाते, आणि आपल्या दमट पावसाळ्यात ओल्या कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

रात्रीसाठी सर्वांत कामाचा उपाय स्वयंपाकघरात नाही. ऐकू येणे कमी झाले की मेंदू जणू आपला आवाज वाढवून ठेवतो, म्हणून खोली जितकी शांत तितका कानातला आवाज मोठा भासतो. पंखा चालू असताना बरे वाटते आणि डिसेंबरात तो बंद केला की त्रास वाढल्यासारखा वाटतो, ते यामुळेच. तेव्हा मोबाइलवर पावसाचा किंवा झऱ्याचा एकसुरी आवाज लावावा. फोन उशाखाली नको, हातभर लांब स्टुलावर पालथा ठेवावा. आवाज हळूहळू वाढवत न्यावा; कानातली किर्र बुडत आली की एक पायरी खाली आणावी. दोन्ही आवाज एकत्र ऐकू आले पाहिजेत. किर्र पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय होत नाही. अर्ध्या तासाचा टायमरही नको, आवाज थांबल्याच्या शांततेनेच जाग येते. तो सकाळपर्यंत चालू द्यावा. गाणी, बातम्या उपयोगाच्या नाहीत, मन त्यात गुंतते. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच असावी. वीस-एक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणावर तळमळत न राहता मंद उजेडात बाहेर बसावे.

घोडबंदर रोडवरच्या वाहनांमुळे कानात बोळे घालून झोपणारे बरेच आहेत. आत आवाज असलेल्यांनी हे टाळावे, बोळ्यांनी तो वाढल्यासारखा वाटतो. बोळे वापरावेत ते मिरवणुकीत, ढोल-ताशाच्या जवळ. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दिवसा आणि संध्याकाळी बराच आराम पडतो.

चक्कर, कान भरल्यासारखा वाटणे आणि कमी-जास्त होणारे ऐकणे असे एकत्र असेल, तर मीठ दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. पापड, लोणचे, फरसाण त्यातच धरून. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल किंवा नवे औषध सुरू केल्यावर लागला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. औषध मात्र परस्पर बंद करू नये. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वांत उपयोगी पडतात.

– एक श्रवणतज्ज्ञ, ठाणे (पश्चिम)