टेकडीवर पायवाट सोडू नका

रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर गेलो होतो. खाणीच्या तळ्याजवळ मोर ओरडला म्हणून थबकलो, तोच मागून स्पीकरवर गाणी लावलेला घोळका आला आणि मोर झुडपात शिरला. फार वाईट वाटले.

पुण्यातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. इथे येणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, पायवाट सोडू नका. टिटवी काड्यांचे घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. मातकट, काळ्या ठिपक्यांची ती अंडी मी हातभर अंतरावरूनही आधी खडेच समजलो होतो. रातवा हा निशाचर पक्षीही जमिनीवरच अंडी घालतो. मार्च ते ऑगस्ट या विणीच्या काळात तरी कुत्र्यांचे पट्टे हातातून सोडू नयेत.

– एक टेकडीप्रेमी, कोथरूड, पुणे