आप्पांचं कुलूप

प्रिय नंद्या,

गणपतीनंतर तुला पत्र नाही. रागावला असशील, पण आधी हे वाच. माझी शुगर आटोक्यात, हिचे गुडघे तसेच. विषय आप्पांचा आहे.

परवा त्यांना रत्नागिरीला घेऊन गेलो. ताईचा विरोध होता, तू तिला ओळखतोसच. घराचं कुलूप गंजून बसलेलं. मी दगड उचलला, तर आप्पांनी हात धरला. शेजारून खोबरेल मागून आणलं, किल्लीच्या भोकात थेंब थेंब सोडलं आणि पायरीवर वाट बघत बसले. शेवटी कुलूप उघडलं! पुण्यात गोळीची पट्टी फोडताना थरथरतात ना, तेच हात.

दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेसचा हट्ट. अर्धगोल लाकडी खिडक्यांशी उभे राहून वर्गातल्याच आवाजात सुरू झाले. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला इथे आणलं, १९१६ मध्ये तो इथेच गेला. मग त्यांची लाडकी गोष्ट : रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. आपण बाकावर पाठ म्हणून दाखवायचो ती. पण या वेळी पुढे म्हणाले, "राणीला १९१९ साली परत जाऊ दिलं. पण मंडालेला नाही, रंगूनला." थोडं थांबून, "तुम्हीही मला पुण्यात काही कमी पडू दिलेलं नाही."

नंद्या, मला उत्तर सुचेना. त्यांना आता तिथेच राहायचंय, एकट्यानं. रात्री छातीत कळ आली तर? पावसात लाइट गेली, पडवीत पाय घसरला तर? ताई म्हणते, हे वय आहे का. मला मात्र वाटतं, राहू द्यावं. तिथे ते पहाटे उठून माडांना पाणी घालत होते. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापर्यंत गेले, वाटेत मलाच म्हणाले, दम खा जरा! वरून पांढऱ्या समुद्राचा किनारा दाखवून तुझीही आठवण काढली. माझी सायकल तिथल्या वाळूत तूच रुतवलीस, हे त्यांच्या साक्षीनं पुन्हा सिद्ध झालं. आता तरी कबूल कर.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीला नोकरी लागली हे कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

तू दादांना गुहागरला परत नेलंस, तेव्हा तुलाही सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. म्हणून तुलाच विचारतो. रात्री सोबतीला कोण असायचं? डॉक्टर किती लांब? दादांना कधी पश्चात्ताप झाला का? बरं वाटावं म्हणून नको, खरं ते लिही. आणि ताईला फोन कर, तुझं ती ऐकते. आप्पांनी शिमग्यापर्यंत मुदत दिलीय, पालखी दारात येईल तेव्हा घर उघडं हवं म्हणतात.

तुझा,
बाळ्या