कळसूबाईपेक्षा बुटके, पण एका दिवसात तीन

लीड्स

ती. दादास सा. न.

तुझा मेसेज मिळाला. तू आणि वहिनी इथे येऊन निधीसाठी डोंगर चालणार, म्हणून हे सविस्तर. "कळसूबाई 1646 मीटर, तुमचे हे डोंगर त्याच्या निम्मेही नाहीत" हे आकड्यापुरतं खरं आहे. पण यॉर्कशायर थ्री पीक्स या इथल्या तीन डोंगरांच्या चालीत उंचीने कोणी दमत नाही. पेनिगेंट (694 मी.), व्हर्नसाइड (736) आणि इंगलबरो (723) एकाच दिवशी, सुमारे 39 किलोमीटर चालून, मिळून जवळजवळ 1600 मीटर चढून, 12 तासांत हॉर्टन गावात परत यायचं असतं. 1887 मध्ये जवळच्या गिगल्सविक शाळेच्या दोन शिक्षकांनी हे पहिल्यांदा केलं, 10 तासांत. आता दर उन्हाळ्यात सेवाभावी संस्थांसाठी निधी गोळा करणारे गट इथे येतात.

हिशेब असा: नेस्मिथच्या जुन्या नियमाने सपाटीला ताशी 5 किलोमीटर, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास. म्हणजे साडेदहा तास नुसतं चालणं. उरलेल्या दीड तासात जेवण, फोटो, बुटातला खडा, सगळं आलं. गट मोठा असला की दगडी कुंपण ओलांडायच्या प्रत्येक पायरीशी रांग लागते आणि तो दीड तास तिथेच संपतो. म्हणून सकाळी सातला निघून दुपारी साडेबाराच्या आत रिबलहेड गाठायचं. तिथे डांबरी रस्ताही आहे, रेल्वे स्टेशनही. मागे पडलेल्याला गाइड तिथेच थांबवतो. त्याच्याशी वाद घालू नकोस.

रिबलहेडचा 24 कमानींचा रेल्वेपूल 1870 ते 1875 मध्ये बांधला. पायथ्याच्या माळावर मजुरांच्या झोपड्यांची वस्ती होती. अपघातांनी आणि देवीच्या साथीने माणसं गेली, त्यातले बरेच जण चॅपल-ल-डेलच्या छोट्या चर्चपाशी पुरलेले आहेत. पुलाखाली पाच मिनिटं थांबावं, तेवढा वेळ हिशेबात धर.

बिघडतं ते उतारावर. व्हर्नसाइडची ब्रन्टस्कारकडची उतरण तीव्र आहे आणि गुडघे तिथेच बोलायला लागतात. वहिनींसाठी दोन काठ्या हव्यातच. इंगलबरोचा माथा सपाट आहे, पुरातन तटबंदीचे दगड अजून दिसतात, पण धुक्यात दिशा चुकून माणूस भलत्याच अंगाला उतरतो. गाइडचे पैसे खरे तिथे वसूल होतात. 'माउंटन लीडर' प्रमाणपत्र आहे का आणि एका गाइडमागे किती माणसं, हे नोंदणीआधी विचारायचं. दहाच्या वर असतील तर मी तो गट घेणार नाही. शेवटचे आठेक किलोमीटर चुनखडीच्या कातळातून आहेत, आणि तो ओला झाला की पावसाळ्यातल्या शेवाळी पायऱ्यांसारखा.

जीन्स आणि सुती बनियन नको, भिजलं की वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गारठतं. जूनमध्येही रेनकोट, टोपी, हातमोजे पाठीवर असू देत. पाणी माणशी दोन लिटर. दशम्या आणि शेंगदाण्याचे लाडू उत्तम. टाच चुरचुरली की लगेच चिकटपट्टी लाव, फोड आल्यावर उपयोग नाही. वाटेत डबकं आलं तर त्यातूनच जायचं. सगळे बाजूने जातात म्हणून मऊ काळी पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) तुडवली जाते आणि वाट रुंदावत जाते. मोबाइलची रेंज जाते, तेव्हा शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. रेंज असेल तर 999, आधी पोलिस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. या भागात येतात ते क्लॅपहॅमचे स्वयंसेवक.

आता पैशांचं. काही संस्था 'किमान इतकी रक्कम जमवा' म्हणतात आणि सहलीचा खर्च त्यातूनच वळता करतात. मला ते पटत नाही. आपला खर्च आपण भरू, म्हणजे देणाऱ्याचा पैसा पूर्ण कामाला लागेल. इथे आयकर भरणाऱ्याने 10 पौंड दिले आणि 'गिफ्ट एड'वर खूण केली, की सरकारकडून संस्थेला आणखी अडीच पौंड मिळतात. तुझ्या मित्रांच्या देणगीला ते लागू नाही.

गावच्या वाचनालयाला हा निधी द्यायची तुझी कल्पना अडेल. इथल्या परदेशी नागरिकांचे पैसे घ्यायला वाचनालयाची एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांबाबतचा भारतीय कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. माझा पासपोर्ट भारतीय आहे, त्यामुळे मी स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पाठवलेले पैसे त्यात मोडत नाहीत. तेवढे वेगळे पाठवतो. चालण्याचा निधी इथल्याच संस्थेला जाऊ दे.

बूट तिथेच घे आणि येण्याआधी महिनाभर घालून फिर. तारखा लवकर कळव, शनिवारची गर्दी टाळून मधल्या वारी गट बघतो.

सौ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा