तक्रार: धुवायला दिलेली गाडी टोइंग करून घरी आणावी लागल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: इंजिन वॉशिंगनंतर झालेला बिघाड आणि वॉरंटी नाकारण्यासाठी मारलेला चुकीचा शेरा

महोदय,

माझी फोर बाय फोर पेट्रोल पिकअप वॉरंटीत आहे. तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने तिच्या जॉब कार्डवर ‘गाडी पाण्यात बुडवल्यामुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही’ असे लिहून दिले आहे. हा शेरा मला मान्य नाही.

गाडी चिखलात घातली होती, हे मी लपवत नाही. जाहिरातीत बॉनेटवर चिखल उडवत जाणारी गाडी दाखवून विकलीत, मग घेणारा ती चिखलातच घालणार. चिखल एक्सलच्या थोडा वरपर्यंत होता. तिथून दोन तास चालवत मी गाडी घरी आणली. चढावर टेम्परेचरचा काटा मध्याच्या जरा वर गेला आणि बेल्ट चिरचिरत होता. बाकी इंजिन सुरळीत होते. मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटणे, नाही; चेक इंजिनचा दिवा नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी स्वतः चालवत तुमच्याकडे आणली आणि जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहून घेतल्या. इंजिन गार झाल्यावर, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर झाकून, कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. रेडिएटर आणि त्याच्या पुढे असलेल्या एसी कंडेन्सरमधला चिखल काढावा. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) तेलात पाणी शिरले आहे का ते पाहावे. जॉब कार्डची प्रत सोबत जोडली आहे, तुमच्या सल्लागाराची सही तिच्यावर आहे.

गाडी दिल्यानंतर दहा मिनिटांत बॉनेट उघडून प्रेशर पंप चालू झालेला मी काचेतून पाहिला. इंजिन तोवर गार होणे शक्यच नव्हते. पंपाची गन इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) आणि वायरिंगपासून वीतभर अंतरावर होती, अल्टरनेटरवर साधी प्लास्टिकची पिशवीसुद्धा नव्हती. मी आत जाऊन सांगितले, तर ‘साहेब, सगळे कनेक्टर वॉटरप्रूफ असतात’ असे उत्तर मिळाले. कनेक्टरवर आयपी ६७ हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असला, तर पाण्याच्या बाबतीत तो एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो एवढाच त्याचा अर्थ. जवळून मारलेल्या जोरदार फवाऱ्यासाठी आयपी ६९के हा वेगळा दर्जा असतो. हे तुमच्या माणसांना ग्राहकाने सांगावे लागते!

गाडी ताब्यात घेऊन जेमतेम दोन किलोमीटर गेलो आणि इंजिन थरथरू लागले. आधी चेक इंजिनचा दिवा लागला, मग बॅटरीचा, आणि गाडी बंद पडली. टोइंग करून ती पुन्हा तुमच्याकडे आणली. स्कॅनरवर पी०३०३ हा बिघाडाचा कोड, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, दिसला. त्यावर एकही कॉइल न काढता, एकही कनेक्टर न उघडता इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलण्याचे एस्टिमेट माझ्या हातात ठेवले गेले. मी गाडी टोइंग करून घरी नेली.

घरी तिसरी कॉइल काढली तेव्हा तिच्याखालच्या स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेले होते. ते स्वच्छ होते आणि त्याला शाम्पूचा वास येत होता. चिखलात शाम्पू कुठून आला, याचे उत्तर तुमच्या सेंटरने द्यावे. एअर फिल्टर मात्र कोरडा ठणठणीत होता. गाडी बुडाली असती तर तो भिजला नसता का? मी हवेने खड्डा कोरडा केला, कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केले, प्लग पुसून बसवला, कॉइलच्या रबराला आतून ओल रोखणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले आणि कोड पुसला. मिसफायर गेला, तो पुन्हा आलेला नाही. इसीयू तोच आहे.

अल्टरनेटर अजून चार्ज करत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.१ व्होल्ट दिसतात. ते साधारण १३.८ ते १४.५ असायला हवेत. यात चिखलाचाही वाटा असू शकतो, सगळा दोष तुमच्यावर ढकलत नाही. पण तो माझ्यासमोर उघडा आणि आतले ब्रश, स्लिप रिंग (वीज पोचवणारे घासते भाग) दाखवा.

रेडिएटरचे काम तर निव्वळ देखाव्याचे झाले. पुढून कंडेन्सर चकचकीत आहे, पण टॉर्च मारली की त्याच्या आणि रेडिएटरच्या फटीत वाळलेला चिखल भिंतीसारखा दिसतो. पाणी इंजिनच्या बाजूने, हलक्या दाबाने, बाहेर ढकलायचे असते. तुम्ही पुढून जोर लावून चिखल आणखी आत ठासला आणि कंडेन्सरचे फिन्स, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या, आडवे केले.

तेल तपासल्याच्या रकान्यात बरोबरची खूण आहे. डिफरन्शियलच्या फिलर प्लगवर (तेल भरायच्या बुचावर) चिखलाचा अख्खा थर तसाच वाळलेला आहे, त्याला पाना लागलेलाच नाही. तेल न पाहता ही खूण कोणी केली?

माझ्या मागण्या अशा: ‘पाण्यात बुडवल्यामुळे’ हा शेरा गाडीच्या सर्व्हिस रेकॉर्डमधून काढावा. कंडेन्सर आणि रेडिएटर सुटे करून साफ करावेत, फिन्स सरळ होत नसतील तर कंडेन्सर बदलावा. अल्टरनेटर वॉरंटीत दुरुस्त करावा. तेल माझ्यासमोर तपासावे. दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेले, निघाले तर बदलावे आणि ब्रीदरही (हवा जाण्या-येण्याच्या नळ्या) पाहावेत. वॉशिंगचे आणि दोन्ही टोइंगचे पैसे परत करावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोनवरची दिलगिरी दोनदा ऐकून झाली आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: जॉब कार्डची प्रत, इसीयूचे एस्टिमेट, प्लगचा खड्डा, रेडिएटरची फट आणि फिलर प्लग यांचे फोटो